अल्ब्युमिनचा आकडा आणि डावी टाच

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, वजन ५८ किलो, मधुमेह बारा वर्षांपासून. घरात पाय घसरून पडल्याने त्यांचा डावा खुबा मोडला आणि दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी, कमरेखालचा भाग बधिर करून, शस्त्रक्रिया झाली. त्याला आज पाच दिवस झाले. दाखल करताना अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन ३.६ होते, सहा दिवसांनी ते २.४ आले आहे. हिमोग्लोबिन ९.१, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे प्रथिन) ११८ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारी तपासणी) ०.५ आहे. ‘ब्रेडन १३ आहे, बेडसोअर होऊ शकतो, लक्ष ठेवा,’ असे सिस्टरांनी सांगितले; ब्रेडन म्हणजे अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमेचा, शय्याव्रणाचा, धोका मोजणारी गुणांची पट्टी. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, अल्ब्युमिनच्या बाटल्या लावून आकडा वर आणला की धोका टळेल, आणि तोवर रक्त रोज तपासून घ्यावे. क्रिएटिनिन इतके कमी म्हणजे मूत्रपिंडे उत्तम, म्हणून तो त्या बाबतीत निश्चिंत आहे. बाबा कोणी वळवल्याशिवाय हलत नाहीत आणि दोन घास खाऊन ताट बाजूला सारतात. पाठीवर अजून काही दिसत नाही. डावी टाच परवापासून थोडी गडद वाटते, पण तो मोज्याचा रंग असावा. जखम होणार की नाही, हे रक्ताच्या कोणत्या तपासणीवरून नेमके कळते?

उत्तर : तुमचे पत्र रक्ताच्या तपासण्यांबद्दल आहे, पण माझी नजर अडकली ती टाचेच्या वाक्यावर. त्याबद्दलचा मजकूर मी तुम्हाला पत्र मिळाले त्याच दिवशी वेगळा कळवला होता. इतर वाचकांसाठी तो इथे पुन्हा देते आणि मग अहवालाकडे वळते.

मोजा काढा, टाच ओल्या कापडाने हलकेच पुसा आणि दिव्याखाली पाहा. रंग पुसला गेला तर तो मोज्याचा. तसाच राहिला तर त्या जागी बोटाने दोन-तीन सेकंद दाबून सोडा. निरोगी कातडी दाबल्यावर क्षणभर फिकी पडते आणि मग तिचा रंग परत येतो. इजा सुरू झालेली कातडी फिकी पडत नाही. मात्र सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसात हा फरक डोळ्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे पुस्तकात लिहिलेली ‘लाली’ शोधत बसण्यात अर्थ नसतो. तिथे हाताच्या पाठीने दोन्ही टाचांची तुलना करावी : एक टाच दुसरीपेक्षा गरम किंवा थंड लागते का, एक घट्ट आणि दुसरी पिलपिलीत लागते का, दाबल्यावर बाबा पाय ओढून घेतात का. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे दुखत नाही म्हणजे सारे ठीक आहे असे मात्र धरू नका, कारण तळपायाच्या संवेदना आधीच बोथट झालेल्या असू शकतात. रंग जांभळट किंवा काळपट तपकिरी असेल, तर ते सिस्टरांना आणि डॉक्टरांना लगेच दाखवावे, आणि पावलाच्या नाडीचे ठोके लागतात का हेही त्याच वेळी पाहून घ्यायला सांगावे.

तुम्ही ‘परवापासून’ असे लिहिले आहे, तो शब्द महत्त्वाचा आहे. कातडी अखंड असताना खालच्या मांसाला दाबाची इजा झाली, तर तिचा गडद रंग वर यायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. तुमच्या हिशेबाने मागे मोजत गेले की आपण शस्त्रक्रियेच्या दिवसापाशी आणि त्यानंतरच्या पहिल्या रात्रीपाशी पोहोचतो. त्या वेळी कमरेखालचा भाग बधिर होता आणि ऑपरेशनचा पाय जिथे ठेवला तिथेच तासन् तास पडून राहिला असणार. असे झालेच आहे, असे मी न पाहता म्हणणार नाही. पण खुब्याच्या रुग्णात त्याच बाजूची टाच आधी बिघडते, हे वॉर्डात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते, कारण दुखऱ्या पायाला माणूस आपण होऊन हलवत नाही. अमेरिकेतील या विषयाच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ साली ‘दाबाचा व्रण’ हा शब्द सोडून ‘दाबाची इजा’ हा शब्द घेतला, त्यामागेही हेच कारण होते : कातडी फाटण्याच्या कितीतरी आधी इजा झालेली असते, आणि ‘व्रण’ म्हटले की सगळे उघडी जखम दिसण्याची वाट पाहत राहतात.

तोवर टाच उचललेली ठेवा. उशी पोटरीखाली लांबीच्या दिशेने अशी सरकवा की, पायाचे वजन सगळ्या पोटरीवर पसरेल आणि टाच हवेत राहील. गादी आणि टाच यांच्यामधून तुमचा तळहात सहज गेला पाहिजे. उशी फक्त घोट्याच्या मागे घातली तर सगळा भार तिथल्या जाड कंडरेवर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला बांधणाऱ्या दोरीवर, येतो आणि एक जागा वाचवून दुसरी गमावली असे होते. गोल कड्याची किंवा रिंगची उशी वापरू नये, कारण मधला भाग मोकळा राहिला तरी कडेचा दाब चारी बाजूंनी रक्त अडवतो. ऑपरेशनचा पाय किती उचलायचा, गुडघा किती वाकवायचा, हे मात्र शल्यविशारदांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवा.

आता अहवाल. भावाच्या मनात जे गणित आहे ते असे दिसते : खाणे कमी झाले म्हणून अल्ब्युमिन घटले, अल्ब्युमिन घटले म्हणून जखम होईल, म्हणून अल्ब्युमिन भरून काढावे. या साखळीतली पहिली कडीच कच्ची आहे, आणि ते तुमच्याच आकड्यांवरून दाखवता येते.

अल्ब्युमिन यकृतात तयार होते. रक्तातले अल्ब्युमिन निम्मे व्हायला सुमारे २० दिवस लागतात. आता अगदी टोकाची कल्पना करू या की, बाबांच्या यकृताने दाखल झाल्या दिवसापासून एक कणही अल्ब्युमिन बनवले नाही. तरीही सहा दिवसांत ३.६ चा आकडा नेहमीच्या झिजेने फार तर २.९ पर्यंत उतरला असता. तुमच्या हातातल्या कागदावर २.४ आहे, म्हणजे उरलेली घट उपासाने झालेलीच नाही. हाड मोडणे आणि त्यावर शस्त्रक्रिया होणे, या दोन्ही गोष्टी शरीरात दाहाची मोठी लाट उठवतात. त्या लाटेत केशवाहिन्यांच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या, भिंती सैल होतात आणि अल्ब्युमिन रक्तातून बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत झिरपते. शिवाय काही रक्तस्रावात जाते आणि सलाइनमुळे उरलेले पातळ होते. यकृतही त्या काळात अल्ब्युमिन बनवणे कमी करून सीआरपीसारखी दाहाची प्रथिने बनवू लागते. तेव्हा २.४ हा आकडा बाबांनी किती खाल्ले हे सांगत नाही, त्यांच्या शरीरावर केवढा आघात झाला हे सांगतो. पोषणशास्त्राच्या तज्ज्ञ संस्थांनीही गेल्या काही वर्षांत अल्ब्युमिनला कुपोषणाचा मापक मानणे सोडून दिले आहे. ‘प्रीअल्ब्युमिन करून घेऊ का?’ असा पुढचा प्रश्न हमखास येतो. यकृतातच बनणारे हे दुसरे प्रथिन दोन-तीन दिवसांत निम्मे होते, म्हणून बदल लवकर दाखवते, एवढाच फरक. दाहाने तेही तसेच खाली जाते, म्हणून या बाबतीत ते अधिक प्रामाणिक साक्षीदार नाही.

मग बाटली लावून काय होईल? सैल झालेल्या केशवाहिन्यांतून जसे स्वतःचे अल्ब्युमिन झिरपले, तसे बाहेरून दिलेलेही बरेचसे झिरपेल. चार दिवस अहवालावरचा आकडा चांगला दिसेल, पण माकडहाडावरच्या कातडीची सहनशक्ती त्याने वाढणार नाही. वयस्क माणसाच्या हृदयावर पाण्याचा भार मात्र पडू शकतो. यकृताच्या सिरोसिसमध्ये पोटातले पाणी मोठ्या प्रमाणात काढताना, आणि अशा आणखी काही ठराविक प्रसंगी, अल्ब्युमिन शिरेतून देण्याला भक्कम कारण असते. शय्याव्रण टाळणे हे त्यांतले कारण नाही. तुमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या एखाद्या कारणासाठी ते सुचवले असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते कारण त्यांना विचारायला संकोच करू नका.

याचा अर्थ २.४ कडे दुर्लक्ष करावे असा नाही. रक्तातले पाणी वाहिनीत धरून ठेवण्याचे काम मुख्यतः अल्ब्युमिन करते; ते कमी झाले की पाणी बाहेर पडून अंगावर सूज येते. झोपून असलेल्या माणसाची सूज पायांपेक्षा कमरेच्या खालच्या, गादीला टेकलेल्या भागात आधी साठते. तिथे अंगठ्याने दाबून खड्डा पडतो का, हे एकदा पाहा. सुजलेल्या मांसात केशवाहिनी आणि पेशी यांच्यातले अंतर वाढते, प्राणवायू पोहोचायला वेळ लागतो, कातडी ताणली जाऊन नाजूक होते आणि चादरीच्या एका ओढीत सोलवटते. अल्ब्युमिन कमी असलेल्या रुग्णांत या जखमा अधिक आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण ज्यांचे अल्ब्युमिन कमी ते बहुधा अधिक आजारी असतात, अधिक काळ खाटेवर असतात आणि कमी हलतात. त्यामुळे आकडा आणि जखम एकत्र दिसली, तरी आकडा सुधारला की जखम टळते असे त्यावरून सिद्ध होत नाही. आकड्याचा उपयोग कातडी किती कच्ची आहे याची सूचना म्हणून करायचा, आणि त्या सूचनेवर जे करायचे ते खाटेपाशीच करायचे असते.

सीआरपीबद्दल तुम्ही काही विचारले नाही, पण तुमच्या कागदावरचा मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा तो आहे. शस्त्रक्रियेनंतर सीआरपी वाढणे स्वाभाविक असते. ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते आणि आघात सरत आला की झपाट्याने उतरू लागते, कारण रक्तातले सीआरपी १९ तासांच्या आसपास निम्मे होते. म्हणून पाचव्या दिवशीचे ११८ एकट्याने काहीच सांगत नाही. तिसऱ्या दिवशी ते २२० असेल, तर लाट ओसरते आहे असे समजावे. तिसऱ्या दिवशी ९० असेल आणि आज ११८, तर नवे काहीतरी पेटले आहे : टाक्यांची जागा, छाती, लघवीची नळी. उद्याच्या राउंडला ‘सीआरपी किती आहे?’ असे न विचारता ‘कुठून कुठे आले?’ असे विचारा. ताप आणि जंतुसंसर्ग यांत पेशींची प्राणवायूची भूक वाढते, घामाने कातडी ओलसर राहते, माणूस गळून पडतो आणि हालचाल आणखी कमी होते. अशा रुग्णाचे अंग दाबाखाली नेहमीपेक्षा लवकर बिघडते.

हिमोग्लोबिन ९.१ म्हणजे पुरुषासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या १३ च्या रेषेपेक्षा बरेच खाली आहे. दाबाखाली रक्तप्रवाह आधीच आखडलेला, आणि जे थोडे रक्त पोहोचते त्यातही प्राणवायू वाहून नेणारे कमी, असा हा दुहेरी तोटा आहे. तरीही केवळ कातडीसाठी रक्त चढवण्याची प्रथा नाही. हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे ८ च्या खाली गेल्यावर, किंवा धाप, छातीत दुखणे, चक्कर अशी लक्षणे असल्यास तो विचार होतो. रोज रक्त तपासण्याच्या आग्रहाबद्दल इथेच सांगते. प्रत्येक वेळी काही मिलिलिटर रक्त काढले जाते, आणि आठवडाभर रोज काढलेल्या नळ्या मोजल्या तर आधीच अशक्त माणसाच्या हिमोग्लोबिनला त्याचीही थोडी झळ बसते. वीस दिवसांत निम्मे होणारी गोष्ट रोज मोजून हाती काही लागत नाही. सीआरपी आणि हिमोग्लोबिन डॉक्टर गरजेप्रमाणे पुन्हा करतील. प्रकृतीत फरक पडला की तपासणे, हा रोज तपासण्यापेक्षा शहाणपणाचा नियम आहे.

साखरेचे मात्र उलट आहे, ती दिवसातून अनेकदा बोटातून पाहिली जातेच आणि जावीच. रुग्णालयात बहुतेक रुग्णांची साखर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो. ती सतत चढी राहिली तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंद पडतात आणि झालेली जखम भरत नाही. मागच्या तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी ही तपासणी कोणी आता सुचवली, तर शस्त्रक्रियेत बरेच रक्त गेले होते किंवा चढवले होते का, हे त्यांच्या लक्षात आणून द्या, कारण अशा वेळी तो आकडा फसवा निघतो.

राहिला क्रिएटिनिनचा आनंद. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. ५८ किलोच्या, ७४ वर्षांच्या माणसात ते ०.५ असेल, तर मूत्रपिंडे उत्तम आहेत यापेक्षा स्नायू फारसे उरलेले नाहीत, अशी शंका मला आधी येते. बाबांना कुशीवर वळवाल तेव्हा नितंबांचा भाग सपाट झाला आहे का आणि माकडहाडाची कड हाताला थेट लागते का, हे पाहा. हाड आणि गादी यांच्यामध्ये जे मांस उशीसारखे असायला हवे, ते उरले नाही तर दाब सगळा एका टोकावर येतो. तुमच्या भावाला जो आकडा सर्वांत चांगला वाटला, तो माझ्या दृष्टीने शय्याव्रणाच्या बाबतीत धोक्याची खूण असू शकतो. युरिया आणि सोडियमही पाहून घ्या. दोन्ही चढे असतील तर अंगातले पाणी कमी पडते आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर : अशी एकही तपासणी नाही. याचे कारण जखम होण्याच्या पद्धतीतच आहे. हाड वरून आणि गादी खालून दाबते, मधल्या केशवाहिन्या मिटतात आणि पेशी गुदमरतात. लँडिस या शास्त्रज्ञाने १९३० साली माणसाच्या नखाजवळच्या केशवाहिनीत, तिच्या धमनीकडच्या टोकाला, सरासरी ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब मोजला, आणि पुढे कित्येक वर्षे तोच आकडा सुरक्षिततेची रेषा म्हणून वापरला गेला. प्रत्यक्षात ही रेषा माणसागणिक आणि त्याच माणसात आजारागणिक सरकते. ती किती खाली सरकली आहे, एवढेच रक्ताचे अहवाल सांगतात. वरून दाब किती पडतो आणि किती वेळ पडतो, यांतले त्यांना काही कळत नाही. खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली की माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि हाड आतून पुढे सरकते. या ओढाताणीत मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. कोणत्याही प्रयोगशाळेत हे मोजले जात नाही.

सिस्टरांनी सांगितलेला ब्रेडनचा १३ हा आकडा म्हणूनच तुम्ही अल्ब्युमिनइतकाच मनावर घ्यायला हवा. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या या मोजपट्टीत सहा गोष्टींना गुण देतात : त्रास जाणवतो का, अंग ओले राहते का, माणूस उठतो-चालतो का, अंथरुणात आपण होऊन कूस बदलतो का, खातो किती, आणि घसरण-घर्षण किती होते. एकूण गुण ६ ते २३ असतात आणि जितके कमी तितका धोका जास्त. १८ किंवा त्याखाली धोका सुरू झाला असे मानतात. १३ हा मध्यम धोका. या सहांत रक्ताची एकही तपासणी नाही. हिमोग्लोबिन आणि दाह यांचे आकडे त्यावर वाढीव वजन म्हणून धरावेत, असे माझे मत आहे : बाबांचा १३ हा मी हिमोग्लोबिन, दाह आणि मधुमेह लक्षात घेऊन मध्यम न समजता गंभीरच समजेन.

माझ्याच पाळीतले दोन रुग्ण मला कधी विसरता आले नाहीत. एक विशीतला तरुण होता, पाय प्लास्टरमध्ये, सगळे अहवाल निर्दोष. टाच टोचते म्हणून तो दोन दिवस सांगत होता आणि आम्ही ते नव्या प्लास्टरचे दुखणे समजलो. प्लास्टर कापले तेव्हा टाचेवर काळी खपली होती. दुसऱ्या एक आजीबाई, अल्ब्युमिन २ च्या आसपास, अंगभर सूज, तीन आठवडे खाटेवर. त्यांची सून प्रत्येक पाळीच्या सिस्टरला हाताशी घेऊन त्यांना वळवायची आणि कोणत्या कुशीवर कधी ठेवले हे एका वहीत लिहायची. आजीबाई अखंड कातडीने घरी गेल्या. दोन उदाहरणांवरून शास्त्र ठरत नाही, हे मला कळते, पण अहवाल हातात घेतला की मला ती दोघे आठवतात.

तुम्ही काय करायचे तर वहीपासूनच सुरुवात करा. दोन तासांनी कूस बदलणे ही सर्वपरिचित पद्धत आहे, पण ती सर्वांना सारखी लागू होत नाही. वळवताना टेकलेल्या जागेचा रंग आणि ऊब अर्ध्या तासात पूर्ववत होत नसेल तर अंतर कमी करायला सांगा. पूर्ण आडवे कुशीवर झोपवू नका, कारण मग मांडीच्या बाहेरचे हाड टेकते. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलते ठेवणे बरे. शस्त्रक्रियेच्या बाजूवर वळवायचे की नाही आणि गुडघ्यांमध्ये उशी हवी का, हे शल्यविशारद सांगतील. जेवणाची वेळ सोडली तर खाटेची डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा उंच नको. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. आडव्या चादरीची दोन टोके दोघांनी धरून आधी उचला आणि मग सरकवा. हवेची गादी मिळाली तर जरूर घ्या, पण ती आली म्हणून वळवणे बंद होऊ देऊ नका, कारण तसे फार वेळा होते. लाल किंवा गडद झालेली जागा चोळू नका. स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळणे आम्हीही एके काळी मन लावून केले आहे, आणि ते चूक होते. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे, आणि लघवीची नळी जिथे मांडीला टेकते तिथेही रोज एकदा बोट फिरवा.

खाण्याबद्दल अल्ब्युमिनला विचारू नका, ताटाला विचारा. अशा रुग्णांना रोज दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि ३० ते ३५ कॅलरी मिळाव्यात, असे सर्वसाधारणपणे सुचवले जाते. ५८ किलोच्या बाबांसाठी हा हिशेब रोजच्या सुमारे ७० ते ८७ ग्रॅम प्रथिनांचा आणि १७५० ते २००० कॅलरींचा होतो. दोन घासांत तो भागणार नाही. ते का खात नाहीत, हे आधी शोधा : कवळी घरी राहिली आहे का, दुखण्याच्या औषधाने मळमळते का, पोट साफ झालेले नाही का, गिळताना ठसका लागतो का, की झोपूनच भरवले जाते आहे. दोन दिवस प्रत्येक ताटातले किती संपले ते वहीत लिहा आणि ती वही आहारतज्ज्ञांना दाखवा. प्रथिनांची पावडर वाढवण्याआधी मूत्रपिंडांबद्दल डॉक्टरांचा होकार घ्या, क्रिएटिनिन ०.५ असले तरी, वर सांगितलेल्या कारणासाठी, तो होकार गृहीत धरू नका.

आणि तुमच्या भावाबद्दल. बाटली लावा, रोज तपासा, असे ते म्हणतात त्यामागे काहीतरी करायला हवे ही तळमळ आहे, तिला काम द्या. वॉर्डात रात्री माणसे कमी असतात आणि पहाटेच्या सुमारास कूस बदलायची राहून जाते. ती पाळी त्यांना घ्यायला सांगा. दोन वाजता आणि चार वाजता सिस्टरांबरोबर चादरीचे दुसरे टोक धरायचे, वहीत वेळ लिहायची, आणि मोबाइलच्या उजेडात डावी टाच उशीवरून घसरून पुन्हा गादीला टेकली आहे का, ते पाहायचे. ती घसरतेच.